एका गुणाचा धनी

काकाचं वय तेहेतीस. कचेरीत या वयाच्या माणसाला अजून 'नवीन मुलगा' म्हणतात आणि चहा सांगायला पाठवतात. पण टेनिसच्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या स्पर्धांत समोर उभा राहणारा प्रत्येक जण अठरा-एकोणीस वर्षांचा असतो, आणि तिथे तेहेतीस म्हणजे काकाच. कपडे बदलायच्या खोलीत तो शिरला की पोरं छातीवर हात ठेवून ओरडायची, "काका, मला वाचवा!" ज्याची त्याच्याशी मॅच लागलेली असेल तो म्हणायचा, "वाचवू नका काका, फक्त लवकर हरा. माझी संध्याकाळची गाडी आहे."

काकाही काही कमी नव्हता. "गाडी मिळेल रे तुला. बॅग उचलायला हात शिल्लक राहिले म्हणजे झालं."

या पायरीवर बॉल उचलून द्यायला कोणी नसतं, आपले आपण वेचायचे. रेषांवर नजर ठेवायला माणसं नसतात, उंच खुर्चीत बसलेला एकच अंपायर सगळं बघतो. प्रेक्षक म्हणजे पुढच्या मॅचचे दोन खेळाडू, कोणाची तरी मैत्रीण आणि पाण्याचा पाइप हातात घेऊन 'आटपा आता' अशा चेहऱ्याने उभा असलेला माळी. काका या पायरीवर पंधरा वर्षं होता. तीन-चार जणांत एक खोली घ्यायची, मोजे बेसिनमध्ये धुवून खिडकीच्या दांडीवर वाळत घालायचे, रॅकेटची जाळी स्वतः विणायची, हरलं की बॅग भरायची आणि पुढच्या गावी जायचं. जिंकलं तर दोन दिवस उशिरा जायचं, इतकाच फरक.

जगातल्या खेळाडूंची एक यादी असते आणि ती दर सोमवारी सकाळी नव्याने लागते. वरची नावं वर्तमानपत्रात येतात. खाली, टाकीच्या तळाशी गाळ बसावा तसे, एकेक गुणाचे धनी बसलेले असतात. काका त्यांच्यातला. त्याचा तो एकुलता एक गुण गेल्या वर्षीच्या एका मॅचमधला होता. प्रतिस्पर्ध्याच्या पोटात कळ आली आणि त्याने मॅच अर्ध्यात सोडली. पण गुण तो गुण. 'पोटदुखीतून मिळालेला' असं त्यावर लिहिलेलं नसतं.

अडचण एवढीच, की गुणाला आयुष्य एक वर्षाचं. वर्ष भरलं की तो दुधाच्या दातासारखा गळतो, आणि तोवर त्या जागी दुसरा उगवला नसेल तर माणूस बोळका. काकाचा दात या सोमवारी पडणार होता. पात्रता फेरीतल्या दोन मॅच जिंकून तो इथल्या मुख्य स्पर्धेत आला होता. रविवारी पहिल्या फेरीची मॅच होती. ती जिंकली तर नवा गुण, आणि आणखी एक वर्ष यादीत नाव. हरली तर सोमवारच्या यादीत तो कुठेच नसणार होता.

हे त्याने ताईला फोनवर सांगितलं होतं, आणि ती चूकच झाली. कारण रविवारी सकाळी खोलीचं दार वाजलं आणि दारात दाजी उभे.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. खेळाच्या सामानाचं दुकान चालवायचे, आणि आयुष्यात एकदाही घाम येईपर्यंत खेळले नव्हते. दुकानाची व्हॅन घेऊन रात्रभर गाडी चालवत आले होते. अंगाला नव्या बुटांच्या रबराचा वास येत होता.

"या मेहुणे!" दाजी जणू स्वतःच्याच घरात स्वागत करत असल्यासारखे म्हणाले आणि काकाच्या पलंगावर बसले. "खाली एका पोराला तुझी खोली विचारली, तर म्हणतो, काकांची का? अरे, तू काका तर मी कोण, आजोबा?"

"दाजी, तुम्ही कशाला आलात?"

"कशाला म्हणजे? तुला न्यायला. व्हॅन आणलीय, मागे बुटांची थोडी खोकी आहेत तेवढीच, सगळं सामान बसेल."

"माझी आज मॅच आहे."

"माहितीये ना. म्हणून तर आलो. मॅच खेळ, अंघोळ कर, निघू." दाजींनी खिडकीतला एक मोजा चिमटीत धरून बाजूला केला. "आपल्याकडच्या क्लबाचे सेक्रेटरी काल परत दुकानात आले होते. तुला मुख्य प्रशिक्षकाची नोकरी. दोन खोल्यांचं क्वार्टर. पहिल्या तारखेला हजर व्हायचं. तुझ्या ताईने शब्द दिलाय."

"मी नाही दिलेला."

"तू 'बघू' म्हणालास."

"बघू म्हणजे बघू."

"आपल्या घरात बघू म्हणजे हो असतं," दाजी शांतपणे म्हणाले. "मी तुझ्या ताईला लग्नाचं विचारलं तेव्हा ती काय म्हणाली होती? बघूच म्हणाली होती."

काका रॅकेटच्या तारा अंगठ्याने दाबून बघत होता. एकेक तार टणक लागत होती. "आणि आज जिंकलो तर?"

हा मुद्दा रात्रभराच्या प्रवासात दाजींच्या डोक्यात आलेला दिसत नव्हता. "जिंकलास तर... तर आणखी एक वर्ष हेच?" त्यांनी खोलीभर हात फिरवला: मोजे, तीन पलंग, टेबलावर काळी पडत चाललेली केळी.

"हेच."

"मग मी काय म्हणू? जिंक म्हणू का हर म्हणू?"

"खाली बसून टाळ्या वाजवा. तेवढं पुरे."

*

समोरच्या मुलाला सगळे खांब म्हणायचे. एकोणीस वर्षांचा, ताडमाड, आणि सर्व्हिस अशी की बॉल डोळ्याला न दिसता मागच्या जाळीवर वाजायचा. या पायरीवर तो फार दिवस राहणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही. काकाजवळ अशी सर्व्हिस कधीच नव्हती. त्याच्याजवळ पाय होते, धीर होता आणि एक सवय होती.

ती सवय अशी. लाल मातीच्या कोर्टवर बॉल पडला की खूण उमटते. हळू बॉलची खूण गोल असते, वेगवान बॉलची लांबट, घसरत गेल्यासारखी. खुणेच्या आकारावरून बॉल कुठून आला, किती जोरात आला हे कळतं. प्रत्येक पॉइंट संपला की काका आपल्या बाजूच्या शेवटच्या खुणेपाशी जायचा आणि बुटाच्या तळाने ती पुसून टाकायचा. जिंकलेला पॉइंट असो की हरलेला. पहिल्या-दुसऱ्या वर्षी तो चुकलेल्या एका फटक्यावरून पुढचे चार गेम घालवायचा. तेव्हा एका म्हाताऱ्या प्रशिक्षकाने त्याला सांगितलं होतं, "झालेला पॉइंट मातीत असतो, डोक्यात ठेवू नकोस." काकाने ते अक्षरशः घेतलं. एक फराटा, आणि पुढचा पॉइंट. नाहीतर पंधरा वर्षं इतकं हरून कोणी उभं राहत नाही.

पहिला सेट खांबाने नेला. दाजी जाळीच्या कुंपणामागच्या बाकावर बसले होते आणि प्रत्येक फटक्याला टाळ्या वाजवत होते, खांबाच्यासुद्धा. बाजू बदलायच्या वेळी काका कुंपणापाशी टॉवेल घ्यायला गेला.

"दाजी, कोणाच्या बाजूने आहात?"

"अरे, पण तो मारतो छान!"

दुसऱ्या सेटमध्ये काकाने खांबाला पळवायला सुरुवात केली. उंच माणसाला वाकायला लावायचं, मग मागे धाडायचं, मग परत पुढे आणायचं. खांब जोरात मारायचा, बॉल परत यायचा. आणखी जोरात मारायचा, तरी परत यायचा. "काका, झोपा आता!" तो एकदा जाळीपाशी धापा टाकत म्हणाला. "दुपारची झोप मला लागत नाही," काका म्हणाला, आणि दुसरा सेट घेतला.

तिसऱ्या, निकालाच्या सेटमध्ये कोणीच कोणाला सोडेना. माळी पाइप टाकून बाकावर दाजींशेजारी येऊन बसला. कपडे बदलायच्या खोलीतली पोरं एकेक करत कुंपणाला येऊन चिकटली. सहा-सहा गेम झाले आणि टायब्रेक लागला. तिथे सात पॉइंट आधी करायचे, पण दोनचा फरक पाहिजे. सहा-पाच. काका विजयापासून एका पॉइंटवर होता, आणि सर्व्हिस खांबाची होती.

सर्व्हिस आली. काकाने बॉल पाहिला असं म्हणता येणार नाही. खांबाचा खांदा कुठे वळला ते पाहिलं आणि तिथे रॅकेट धरली. बॉल खोलवर परत गेला. खांबाने दोन लांब ढांगा टाकून बाजूच्या रेषेलगत सणसणीत फटका मारला. काका पळाला, पोहोचला नाही, पण बॉल पडताना त्याने पाहिला. रेषेच्या पलीकडे. रेषा आणि खूण यांच्यामध्ये बोटभर माती कोरी होती, स्वच्छ, कोणीही न शिवलेली.

"आऊट!" खुर्चीतून अंपायर बाई ओरडल्या.

कुंपणाबाहेर गलका झाला. दाजींनी माळ्याला मिठी मारली. काकाने मूठ वर केली, आणि ती वर असतानाच त्याचा उजवा पाय पुढे झाला आणि मातीवरून फिरला.

एक फराटा.

"बाई!" जाळीपलीकडे खांबाचा हात वर होता. "मला खूण बघायचीय."

अंपायर बाई खुर्चीवरून उतरून चालत आल्या आणि काकाच्या बुटाजवळ वाकल्या. तिथे पंख्यासारखा पसरलेला गुळगुळीत मातीचा पट्टा होता. त्या बराच वेळ वाकून राहिल्या. जणू पुरेसं बघितलं तर खूण परत येईल.

"तुम्ही पुसलीत," त्या हळूच म्हणाल्या.

"हो."

"मला तो आऊटच दिसला होता. पण तो तपासायचा हक्क त्याला आहे, आणि आता दाखवायला माझ्याकडे काही नाही. नियम तुम्हाला माहितीये."

काकाला माहीत होता. शंका घ्यायच्या आधी ज्याने खूण पुसली, पॉइंट त्याच्याविरुद्ध जातो. या नियमाने त्यानेच लोकांचे पॉइंट घेतले होते. नियमात खोट नव्हती. तो नसेल तर उद्या कोणीही बॉल बाहेर होता म्हणेल आणि पाय फिरवेल.

"अहो बाई, आऊट होता! तुम्हीच ओरडलात की!" कुंपणावरून दाजींचा आवाज आला. "इथं माळी साक्षीला आहे!"

"दाजी, खाली बसा," काका म्हणाला.

सहा-सहा. खांबाची सर्व्हिस काकाच्या उजव्या बाजूने गेली, त्याच्या रॅकेटपासून वीतभर. सहा-सात. मग काकाची सर्व्हिस, आणि पुष्कळ लांब चाललेला पॉइंट, ज्याच्या शेवटी काकाचा बॉल जाळीच्या पट्टीला लागला, वर उडाला आणि त्याच्याच बाजूला पडला.

*

हस्तांदोलनाच्या वेळी खांबाने मान वर केली नव्हती. कपडे बदलायच्या खोलीत मात्र तो येऊन काकाच्या बाकाच्या टोकाला बसला, आणि इतर पोरं आपापल्या बॅगांत कमालीचं महत्त्वाचं काहीतरी शोधायला लागली.

"काका, एक सांगू? रागावू नका."

"सांग."

"बॉल बाहेर होता. चांगला बाहेर होता. मला पलीकडून दिसला."

"मग हात कशाला वर केलास?"

"तुमचा पाय हलताना दिसला." खांबाने मान खाजवली. "पहिल्या सेटपासून बघत होतो. तुम्ही प्रत्येक पॉइंटनंतर पुसता. म्हटलं, कधीतरी घाईत पुसाल."

या पोराने साडेतीन तास सर्व्हिस करत, पळत, धापा टाकत काकाच्या बुटावर लक्ष ठेवलं होतं. राग आला होता, नाही असं नाही. पण रागाच्या शेजारीच दुसरंही काही होतं. धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला ओळखावं तसं.

"हुशार आहेस," काका म्हणाला. "पण आता कळलं मला. पुढच्या वेळी हे चालणार नाही."

"पुढच्या वेळी?" खांबाने भुवया वर केल्या. "पण तुम्ही तर थांबताय ना? सगळे म्हणत होते."

"कोण सगळे?"

"तुमचे दाजी. सकाळी कॅन्टीनमध्ये. क्लबात लागताय म्हणाले. मला बुटांवर सूट पण देणार आहेत."

काकाने बुटाची नाडी ओढली ती तुटली.

"शिवाय पुढच्या वेळी कुठे भेटणार आपण?" खांब म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, नुसती चौकशी होती, आणि म्हणून ते जास्त लागलं. "मी आता पात्रता फेरी खेळत नाही. तुमचं तर नावच... म्हणजे, सोमवारी..."

"तू जिथे असशील तिथवर येईन मी," काका म्हणाला. "तुझा वेग जास्त आहे, कबूल. पण तुला कधीतरी थांबावं लागेलच ना? पाणी प्यायला तरी?"

कोणीतरी हसलं. मग खांबही हसला आणि गेला.

काका एकटा बसून राहिला. आता सगळं संपल्यासारखं वाटेल म्हणून तो वाट बघत होता. इतकी वर्षं कोणी विचारलं, 'तू करतोस काय?' की तो यादीतला आपला आकडा सांगायचा. आकडा कितीही मोठा असला तरी आकडा होता. तो त्याचा पुरावा होता, जगापुढे आणि ताईपुढे. उद्या सकाळी पुरावा नसणार होता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, ती काडीही गेली होती.

पण मनात येत होतं ते भलतंच. सहा-सहावरची ती सर्व्हिस. तो स्वतः अर्धं पाऊल जास्तच डावीकडे उभा होता. खांब दमला की सर्व्हिस उजवीकडे टाकतो. तिसऱ्या सेटमध्ये तीनदा टाकली होती, तीनही वेळा बॉल वर फेकताना हात जरा बाहेर गेला होता. हे आधी लक्षात यायला हवं होतं. पुढच्या वेळी हात बघायचा, खांदा नाही. हे सगळं पाच मिनिटं मनात घोळल्यावर काकाला समजलं, की आपण शोक करत नाही आहोत, अभ्यास करतोय. आणि ज्याला पुढची मॅचच नाही तो अभ्यास कशाला करेल?

त्याने दाजींना बाहेर गाठलं. दाजींचे डोळे लाल होते.

"लोक हात दाखवून अवलक्षण करतात," दाजी म्हणाले, "तू पाय दाखवून केलंस रे!" आणि एवढा विनोद करून त्यांनी नाक शिंकरलं. "जाऊ दे. चल. सामान कुठाय?"

"तुम्ही कॅन्टीनमध्ये काय सांगितलंत?"

"कुठे काय? आनंदाची बातमी सांगितली."

"कोणाचा आनंद?"

दाजींनी खिशातून फोन काढला, ताईचा नंबर लावला आणि फोन काकाच्या हातात कोंबला. लढाईत तोफ पुढे करावी तसा.

"हरलास?" ताईने विचारलं.

"थोडक्यात."

"थोडक्यात हरतात त्याला हरणंच म्हणतात. निघताय ना? पोचायला सकाळ होईल. दाजींना झोप आली तर तू चालव."

"ताई, मी येत नाहीये."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. "काय म्हणालास?"

"पुढच्या गावी उद्या स्पर्धा सुरू होतेय. तिथे जातो."

"उद्या तुझं यादीत नाव तरी असणार आहे का?"

"नाही."

"मग कोण म्हणून जाणार?"

"मी म्हणून."

"हे बघ, शब्द दिलाय मी. त्या सेक्रेटरींना काय तोंड दाखवू?"

"मला न विचारता दिलास."

"विचारलं होतं! तू बघू म्हणालास!"

"मग बघतोय ना!"

आई गेल्यावर ताईनेच त्याला हाताला धरून पहिल्या कोर्टवर नेलं होतं, आणि खेळ संपेपर्यंत बाहेर बसून राहिली होती. पण मागे घ्यावा असा एकही शब्द त्याला सापडेना.

"ताई, पोरांना शिकवणं वाईट नाही. एक दिवस शिकवेनही. पण आज जर आलो ना, तर यादीने हाकललं म्हणून आलो असं होईल. मला यादीने खेळायला बसवलं नव्हतं. उठवायचं पण तिने नाही."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा," ताई म्हणाली. "ती जागा जाईल. ते लोक थांबणार नाहीत."

"जाऊ दे."

"आणि मग मला म्हणू नकोस."

"नाही म्हणणार."

तिने फोन ठेवला. नेहमी ठेवायच्या आधी 'जेवलास का' विचारायची, ते विचारलं नाही.

*

शेवटची बस गेली होती. दाजी म्हणाले, "मी घरी चाललोय. तुझ्या त्या गावाचा फाटा वाटेत लागतो, तिथे सोडतो. पुढे तुझं तू बघ." आणि व्हॅनमध्ये ते एक अक्षर बोलले नाहीत, जे त्यांच्या बाबतीत अख्ख्या भाषणाइतकं होतं. मागे बुटांची खोकी वळणावळणावर घसरत होती.

फाटा आला. दाजींनी व्हॅन हळू केली. दिव्याच्या उजेडात एक बंद टपरी आणि रिकामं बाकडं दिसलं. दाजींनी काचेतून दोन्ही बाजूंना पाहिलं.

"इथे आता काय कुत्रं तरी मिळणार आहे का तुला," ते पुटपुटले आणि व्हॅन फाट्याकडे वळवली. मग तोंडाला लागलेलं कुलूप गळून पडलं आणि गाव येईपर्यंत ते बोलतच राहिले. काकाचा हट्ट, ताईचा राग, सेक्रेटरींनी अजून न नेलेल्या दोन डझन जाळ्या, आणि परत परत तोच बॉल. "बोटभर बाहेर होता रे! बोटभर!"

सकाळी स्पर्धेच्या कचेरीत पोरांची रांग होती. टेबलामागच्या अधिकाऱ्याने काकाचं नाव नव्या यादीत शोधलं, मग चष्मा वर करून पुन्हा शोधलं.

"तुमचं नाव दिसत नाही. गेल्या सोमवारपर्यंत होतं."

"गेला सोमवार गेला."

"मग तुम्हाला पात्रता फेरीतही थेट प्रवेश नाही देता येणार. बिनक्रमांकाचे म्हणून थांबवतो. जागा झाली तर." त्याने रांगेकडे पाहिलं, मग आवाज उतरवला. "सगळे आलेत हो. जागा फक्त कोणी आयत्या वेळी माघार घेतली तरच. आणि त्या वेळी तुम्ही इथे, कोर्टपाशी, कपडे घालून तयार पाहिजेत. दोन मिनिटं उशीर झाला तर पुढच्याला बोलावतो."

"तयार असेन."

"दिवसभर थांबूनही काही नाही झालं, असंच होतं बहुतेक वेळा."

"माहितीये," काका म्हणाला. "मी थांबतो."

बाहेर आल्यावर दाजींनी सगळं पुन्हा समजावून घेतलं. "म्हणजे कोणाचा तरी पाय मुरगळायची वाट बघत बसायचं?"

"बसायचं नाही. अंग गरम ठेवायचं. बोलावलं की सरळ आत."

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर सराव झाला."

सरावाचं कोपऱ्यातलं कोर्ट मोकळं होतं, पण खेळायला कोणी नव्हतं. पोरांच्या जोड्या आधीच ठरलेल्या होत्या. काकाने बॉलची टोपली उचलली, जाळीपलीकडे नेऊन ठेवली आणि दाजींकडे पाहिलं.

"नाही हं," दाजी म्हणाले. "मला घरी जायचंय."

"दहा मिनिटं. बॉल नुसते टाकायचे. आणि हे बूट काढा, चामड्याच्या टाचांनी कोर्ट उखडतं."

दाजी व्हॅनकडे गेले. त्यांनी विकायच्या खोक्यांतला एक पांढराशुभ्र जोड काढला, परत विकता यावा म्हणून लेबल आत खुपसलं, आणि बुटाला माती लागू नये अशा बेताने टाचा उचलत कोर्टवर आले. पहिला बॉल त्यांनी काकाच्या जादा रॅकेटने जाळीत मारला. दुसरा कुंपणावरून रस्त्यावर गेला. तिसरा कसाबसा काकापर्यंत पोहोचला आणि काकाने तो बाजूच्या रेषेलगत असा मारला, की शेजारच्या कोर्टवरच्या दोन पोरांनी वळून पाहिलं.

"उजवीकडे टाका," काका ओरडला. "माझ्या उजवीकडे. आणि जोरात!"

"जोरात?" दाजींनी कमरेवर हात ठेवले. "अरे, पंचावन्न वर्षांचा आहे मी!"

"मग काय झालं?"